वरून भरून मिळणार नाही

श्रद्धांजलीच्या फ्लेक्सचं काम आधी आमच्याच छापखान्यात आलं होतं. मी ते परत पाठवलं. वडील म्हणाले, फ्लेक्सला नाही म्हणणारा छापखाना अख्ख्या ढोकीत आपला एकटाच असेल. असू दे, म्हटलं.

फ्लेक्स शेवटी दुसरीकडून छापून आला आणि चौकात लागला. उसाचे ट्रॅक्टर वळतात तिथंच, म्हणजे वळणाऱ्या प्रत्येकाला दिसलाच पाहिजे. त्यावर अण्णांचा कमरेपर्यंतचा फोटो, हात जोडलेले. अण्णा म्हणजे आमच्या भागातले रस्त्यांचे कंत्राटदार. रस्ते कसे आहेत ते इथं एकदा मोटारसायकल चालवलेल्या कुणालाही विचारा. अण्णांच्या कोपराखाली, रेशनकार्डावरच्या फोटोएवढे, आमचे शेजारी, गॅरेजवाले उस्ताद. तो फोटो मी ओळखते. अण्णांच्या कुठल्यातरी उद्घाटनातून कापून घेतलेला आहे. त्यात उस्ताद कॅमेऱ्याकडे बघतच नाहीयेत. शेजारी उभ्या असलेल्या जीपच्या पुढच्या चाकाकडे बघताहेत. खाली ओळ होती : 'आमच्या परिवारातील निष्ठावंत कारागीर हरपला.'

निष्ठावंत!

ज्या माणसानं या परिवाराच्या तोंडावर नाही म्हटलं, ज्याच्या दारातून या परिवारानं आठ दिवसांत आपल्या झाडून सगळ्या गाड्या काढून नेल्या, तो माणूस मेल्यावर निष्ठावंत झाला. शोकसभेत अण्णा दहा मिनिटं बोलले. उस्तादांचा हात माझ्या गाड्यांवरून फिरला म्हणून मी आज जिवंत आहे, असंही म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. खरं काय झालं होतं ते माहीत असलेले निदान पंधरा जण त्या सभेत बसले होते. मीही होते. मी उठले नाही. म्हणून हे लिहिते आहे.

उस्तादांचं गॅरेज आमच्या छापखान्याच्या भिंतीला लागून होतं. मधली भिंत एकच विटेची, त्यामुळं त्यांच्याकडची हातोडी आणि आमच्याकडचं मशीन एकमेकांना ऐकू यायचं. त्यांच्या दारावर एक पत्रा होता. त्यावर त्यांनी स्वतः लाल रंगानं लिहिलं होतं : 'इथं वरून भरून मिळणार नाही.' नवं गिऱ्हाईक ते वाचून बुचकळ्यात पडायचं. जुन्याला अर्थ माहीत होता. रेडिएटरचं पाणी कमी झालं, इंजिनचं ऑइल कमी झालं, ब्रेकचं ऑइल कमी झालं, तर कमी झालं तेवढं वरून ओतून गाडी परत देणं त्यांच्या धर्मात बसत नव्हतं. कुठं गेलं ते आधी सापडलं पाहिजे. सापडेपर्यंत गाडी हलणार नाही.

"चालतंय" हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. ढोकीत हा शब्द न वापरता माणूस एक दिवस काढू शकत नाही, त्यामुळं त्यांची रोज कुणाशीतरी जुंपायचीच. एकदा एक शिक्षक स्कूटरचा ब्रेक दाखवायला आले आणि म्हणाले, तसा चालतोय, पण एकदा बघून घ्या. उस्तादांनी हातातला पाना खाली ठेवला आणि विचारलं, "गुरुजी, चालतंय का थांबतंय? ब्रेकचं काम कंचं?" गुरुजी स्कूटर तिथंच ठेवून शाळेत चालत गेले.

गाडीतून काढलेली झिजलेली रबरं ते टाकत नसत. एका तारेत ओवून भिंतीवर टांगत आणि प्रत्येकाला मालकाच्या नावाची चिठ्ठी बांधत. त्या तारेवर आमच्या गावातले सगळे प्रतिष्ठित होते. कुणी चिडला की म्हणत, नवीन टाकलंय ना आता, मग जुन्याची लाज कशाला. माणसांना ते तुम्ही म्हणत आणि गाड्यांना तू. गाडीखाली झोपून तिच्याशी बोलत असत, ते भिंतीपलीकडून ऐकू यायचं. लहानपणी मला वाटायचं त्यांच्याकडं कुणीतरी आजारी माणूस आहे. चहा ते पेडल पायाला घट्ट लागल्यावरच पीत. काम फसलं तर दिवसभर चहा नाही, आणि त्या दिवशी त्यांच्या वाऱ्याला उभं राहू नये.

मी पत्रकांत वाढले. अक्षरशः. वडिलांनी आयुष्यभर मोर्च्यांची, सभांची, निषेधांची पत्रकं छापली, निम्मी फुकट, आणि मी बाराखडी त्यांच्या मुद्रितांवर गिरवली. पुढं पत्रकं मीच लिहू लागले. उस्ताद मला बाईसाब म्हणत, मी तिशीचीही नसताना, आणि त्यात आदर किती नि चेष्टा किती ते मला कधी कळलं नाही. आमचं प्रत्येक पत्रक ते वाचत. चष्मा कपाळावर, कागद नाकाला लावून, पहिल्या अक्षरापासून प्रकाशकाच्या ओळीपर्यंत. मग एकच शेरा.

"आवाज लई हाय बाईसाब. डाग कुठं हाय?"

म्हणजे गळती कुठं आहे ते लिहिलंच नाहीस, नुसती ओरडली आहेस. मला याचा भयंकर राग यायचा. त्याहून राग यायचा तो आमची वाया गेलेली पत्रकं ते गाड्यांखाली पसरत त्याचा. एका बाजूनं कोरा, पांढरा, ऑइल लगेच टिपणारा कागद त्यांना दुसरीकडं कुठं मिळणार? वडील आनंदानं गठ्ठे देत. मी रात्ररात्र बसून लिहिलेल्या अन्यायाच्या वाक्यांवर जिपांचं ग्रीस टपकताना बघत मी मोठी झाले.

आता ती गाडी.

चारपाच वर्षांपूर्वी अण्णांना जुन्या गाड्यांचा नाद लागला. आजोबांच्या काळातली, गोल दिव्यांची, क्रीम रंगाची एक मोटार त्यांनी आणली, आणि नुसती मिरवून समाधान होईना म्हणून शर्यतीत उतरवली. दक्षिणेत एका ट्रॅकवर अशा जुन्या गाड्यांच्या शर्यती होतात, हे आम्हाला त्यांच्याकडूनच कळलं. चषक घेताना फोटोत अण्णा असत. गाडीत बसत नसत. गाडीत बसायचा बालाजी.

बालाजी शेजारच्या तेर गावचा. त्याआधी तो कारखान्याला ऊस वाहायचा, ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या जोडून. एकदा भरल्या उसाचा ट्रॅक्टर त्यानं उतारावर म्हशीच्या हातभर अलीकडं थांबवला, तो अण्णांनी पाहिला आणि त्याला ड्रायव्हर म्हणून उचलला. ब्रेक कधी आणि किती दाबायचा हे त्याच्या पायाला कळत होतं. ते पाय अण्णांनी पगारावर घेतले.

दुसऱ्या शर्यतीत ब्रेकचं पेडल खाली गेलं. वळणाच्या तोंडाशी बालाजीनं ब्रेक दाबला आणि पाय सरळ गाडीच्या तळाच्या पत्र्याला टेकला. गाडी वाळूत जाऊन रुतली म्हणून तो वाचला. बघितलं तर गाडीतली ब्रेक ऑइलची बाटली जवळजवळ रिकामी. मोठ्या शहरातल्या एका वर्कशॉपनं चारी चाकांचे सिलिंडर बदलले, नळ्या बदलल्या, जाडजूड अहवाल दिला. पुढच्या शर्यतीत पेडल पुन्हा खाली. तेव्हा अण्णांनी उपाय काढला : डिकीत ब्रेक ऑइलच्या दोन बाटल्या ठेवायच्या, आणि दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात बालाजीनं वरून भरत जायचं.

तरीही कुणीतरी सुचवलं म्हणून शर्यतीच्या आठवडाभर आधी गाडी उस्तादांकडं आली. अण्णा खुर्चीवर बसले, बालाजी दाराबाहेर उभा राहिला. उस्तादांनी अण्णांना विचारलं, ऑइल कधी कमी होतं, किती होतं, पेडल एकदम जातं की हळूहळू. अण्णांनी सगळ्याची उत्तरं दिली. गाडीत कधी न बसलेल्या माणसानं! आणि आम्ही ती ऐकून घेतली. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचे पाच दिवस वाया गेले ते इथं.

उस्तादांनी गाडीतल्या त्या बाटलीवर ऑइलच्या पातळीला लाल दोरा बांधला. चारी चाकांखाली, इंजिनखाली, पेडलच्या मागं, जिथं जिथं ते टपकू शकतं तिथं आमची पत्रकं पसरली. नेमकी ती पत्रकं माझी ताजी होती, मथळा होता 'वाहनचालक बंधूंनो, बोलते व्हा'. सीट आणि पेडल यांच्यामध्ये लाकडाचा दांडा ठोकून ब्रेक रात्रभर दाबून ठेवला. सकाळी कागद कोरे. ऑइल दोऱ्यापाशीच. चाकं उघडली, आत धूळ, ओल नाही. तेरपर्यंत गाडी नेऊन आणली, ऑइल दोऱ्याखाली केसभरही उतरलं नाही. तिसऱ्या दिवसापासून चहा बंद झाला. ब्रेक ऑइल कमी होतं हे खरं, आणि ते कुठंच सांडत नाही हेही खरं. चौथ्या दिवशी मला भिंतीपलीकडून ऐकू आलं, ते गाडीला म्हणत होते, "पितीस कुठं तू? सांग की."

गुरुवारी अण्णांचा फोन आला. उद्या दुपारी ट्रक येईल, गाडी आहे तशी द्या, बाटल्या आहेतच. उस्तादांनी फोन ठेवला, गाडीत वाकले, आणि पेडलला आतल्या दांड्याशी जोडणारी बोटाएवढी पिन काढून खिशात घातली. आता ती गाडी कुणीच चालवू शकत नव्हतं. मग हातपाय धुऊन नमाजाला गेले.

बालाजी हे पाचही दिवस आमच्या छापखान्याच्या पायरीवर बसून होता. गाडी मालकाची, म्हणून राखायला. मालक नसतानाही तो उस्तादांच्या गॅरेजात बसत नसे, कारण तिथली खुर्ची मालकाची. मी त्याला पहिल्याच दिवशी ते पत्रक दिलं होतं. त्यानं वाचलं होतं, घडी करून खिशात ठेवलं होतं. वडील त्याला पाणी देत, चहा देत. मी त्याच्या अंगावरून दिवसातून वीस वेळा जात होते, चालकांनी बोलतं व्हावं असं लिहून झालेली मी, आणि त्याला एक प्रश्न विचारावा हे मला सुचलं नाही.

उस्ताद परत आले तेव्हा बालाजी अण्णांनी पाठवलेल्या दोन नव्या बाटल्या घेऊन दारात उभा होता. कुठं ठेवू, एवढंच विचारायला. उस्तादांनी बाटल्यांकडं पाहिलं आणि सहज विचारलं, मागल्या बारीला किती ओतलं होतं?

बालाजीनं आधी रस्त्यावर दोन्हीकडं बघितलं. अण्णांची गाडी नव्हती.

"दीड बाटली. पर उस्ताद, ते खाली न्हाय जात. वर जातंय."

"वर?"

"धुरात. वळणाच्या आदी म्या पाय उचलला की मागनं पांढरा धूर निघतोय. मागचा गाडीवाला शिव्या देत हुता मला."

"आन हे तू आत्ता सांगतोस?"

"इचारलं कुनी?" बालाजी म्हणाला. रागानं नाही, सरळ. मग माझ्याकडं वळून, "ताई, तुमच्या कागदात लिवलंय बोला म्हनून. मालकाम्होरं न इचारता बोलाया लागलो तर दुसऱ्या दिशी कामावर कोन ठिवील?"

उस्तादांनी स्वतःच्या कपाळावर हात मारला. हाताला काजळी होती, तिचा पंजा कपाळावर तसाच राहिला, आणि तसेच ते बॉनेटमध्ये वाकले. त्या गाडीला पायाचा जोर वाढवणारा एक डबा असतो, बूस्टर म्हणतात. इंजिन एका नळीतून त्या डब्यातली हवा ओढून घेतं, त्यानं ब्रेकला बळ मिळतं. चाकांकडं जाणारं ब्रेक ऑइलही त्या डब्यातूनच जातं. उस्तादांनी ती नळी इंजिनपासून सोडवली, बाहेर आणली, आणि खालचं एक पत्रक उचलून त्यावर झटकली. थेंब पडले. त्यांनी त्यावर बोटानं पाणी शिंपडलं. इंजिनचं ऑइल असतं तर पाण्यावर तरंगलं असतं. हे थेंब पाण्यात विरघळून गेले. ब्रेक ऑइल. डब्यातलं रबर थकलं होतं. ट्रॅकवर तापलेल्या गाडीत जोरानं ब्रेक दाबला की ऑइल त्या रबरातून निसटायचं, आणि इंजिन हवेबरोबर ते ओढून घेऊन जाळून टाकायचं. जमिनीवर डाग पडणार कसा?

'बोलते व्हा' या माझ्या शब्दांवर तो डाग पसरत गेला. उस्तादांनी कागद मला दाखवला. शेरा दिला नाही. गरज नव्हती.

त्या डब्याचं रबर इथं मिळणार नव्हतं, दोन दिवसांत तर नाहीच. उस्तादांनी डबा काढून टाकला, ब्रेकची नळी सरळ चाकांकडं जोडली आणि खिशातली पिन परत लावली. पेडल जड झालं, पण पक्कं झालं. त्यांनी बालाजीला आत बसवलं, खुर्चीवर नव्हे, गाडीत, आणि विचारलं, जमंल का? बालाजी दहा वेळा दाबून म्हणाला, ट्रॅक्टरपेक्षा हलकं हाय. उस्तादांनी चहा मागवला. दोन.

शुक्रवारी ट्रक आला, पाठोपाठ अण्णा, बरोबर चार माणसं. चौकातले रिकामेही गोळा झाले. अण्णांनी पेडल दाबून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. मग काढलेला डबा पाहिला. त्यांचं म्हणणं असं, की तिथं शर्यतीआधी गाड्यांची तपासणी होते, जुना भाग जुन्या जागी असला तर मान वेगळा. डबा परत बसवा. ऑइल जाईना का, बाटल्या आहेत, बालाजी भरेल. आजवर चाललंच की.

उस्तादांनी समजावलं. दोनदा. पोराचा जीव जाईल, असं स्पष्ट म्हणाले. अण्णा हसून म्हणाले, तुम्ही उगं मनाला लावून घेताय.

तेव्हा उस्ताद गाडीत वाकले, पेडलची पिन पुन्हा काढली आणि त्या डागाळलेल्या पत्रकावर ठेवली.

"गाडी तुमची, डबा तुमचा. बसवून देतो. ही पिन मात्र मी लावणार न्हाय. जो आत बसनार हाय, त्यानं लावावी. तुम्ही बसता का अण्णा?"

अण्णांनी पिन उचलली आणि बालाजीपुढं धरली. "घे रे."

बालाजीचा हात वर आला नाही.

"ऐकू येत न्हाय का?"

"येतंय अण्णा," बालाजी म्हणाला. हात तिथंच.

ट्रकचं इंजिन चालू होतं. चौकातले पंधरा जण बघत होते आणि त्यातल्या एकानंही, एकानंही, तोंड उघडलं नाही. अण्णांनी पिन फेकली. ती कुठल्यातरी पिंपाखाली घरंगळत गेली. गाडी ढकलत ट्रकवर चढवली गेली आणि त्या शर्यतीत ती उतरलीच नाही, कारण त्या पेडलवर पाय ठेवायला दुसरा कुणी दोन दिवसांत मिळाला नाही. बालाजीची नोकरी त्याच संध्याकाळी गेली. अण्णांचे टिप्पर, जिपा, रोलर, सगळं काम आठवड्यात दुसरीकडं गेलं. आणि गाव काय म्हणालं? उस्तादांनी जरा ताणलंच. एवढ्यातेवढ्यासाठी मोठ्या माणसाशी कुणी वाकडं घेतं का. म्हणजे एका माणसाचा जीव एवढंतेवढं, आणि चषक मोठा. मला त्या दिवसांत चौकातून जाताना लोकांशी बोलावंसं वाटत नव्हतं. आजही फारसं वाटत नाही.

त्या शुक्रवारी रात्रीच मी पत्रक लिहिलं. जळजळीत. दुसऱ्या दिवशी उस्तादांना वाचायला दिलं. त्यांनी नाकाला लावून वाचलं. या वेळी आवाजाचं काही म्हणाले नाहीत.

"बालाजीला इचारलं का?"

मी एसटीनं तेरला गेले. पत्रक वाचून दाखवलं. बालाजी अंगणात बसून ऐकत होता, त्याची आई दाराआड. ऐकून झाल्यावर तो म्हणाला, ताई, खरं हाय सगळं, पर छापू नका. मला अजून कुनाच्यातरी गाडीवर बसायचंय. मी परत आले. मशीनवर चढवलेली प्लेट उतरवली. उस्तादांना सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि गाडीखाली गेले. नंतर त्यांच्याकडं काम थोडंच असायचं. ती तार मात्र भरत राहिली, आणि अण्णांच्या नावाची चिठ्ठी त्यांनी शेवटपर्यंत काढली नाही. गॅरेजचं दार आता बंद आहे. पत्रा आहे अजून.

फ्लेक्स लागला त्या आठवड्यात मी त्या पत्रकाचं जुनं मुद्रित शोधून काढलं आणि आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला गेले. बालाजी तिथं बाजारातल्या व्यापाऱ्याचा भाजीचा टेम्पो चालवतो. मोंढ्याबाहेर टेम्पोच्या पायरीवर बसून मी त्याला सगळं वाचून दाखवलं. आता छापू का, विचारलं.

"छापा. उस्ताद न्हाईत, आता कशाला दडवायचं." मग म्हणाला, "पर येक वाक्य काढा. बालाजीनं धाडसानं हात मागं घेतला, हे."

"का? मी बघितलंय की."

"धाडस-बिडस काय नव्हतं ताई. हात उचलतच नव्हता माझा, भ्यालो हुतो. त्या गाडीत माझ्या पायानं दोन बारी पत्रा बघितला हुता. पाय न्हाय म्हनाला. म्या कुठं काय म्हनलं?"

मी ते वाक्य काढलं.